पाण्यावर तू, जमिनीवर तुम्ही

आठ कयाक, प्रत्येकीत दोन जागा, आणि पाहुणे पंधरा. हे गणित धक्क्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं आणि सगळ्यांनी मिळून धाकटीकडे पाहिलं.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी. वय एकोणतीस, पण थोरल्या बहिणीच्या घरी राहणाऱ्या माणसाचं वय कुणी मोजत नाही. ताई आणि भाऊजींनी लग्नाच्या वाढदिवसासाठी खाडीवरची ही रात्रीची सहल ठरवली होती, आणि ‘तू एकटी घरी बसून काय करणार’ म्हणत हिलाही ओढून आणलं होतं. आता सात जोडपी सात कयाकमध्ये बसली आणि ही राहिली फळीवर उभी, गळ्यापर्यंत आलेल्या नारिंगी जॅकेटमध्ये. दोघांत तिसरा नको म्हणतात, ते इतक्या शब्दशः तिला कुणी आजवर दाखवलं नव्हतं.

“तुम्ही माझ्याबरोबर बसा,” अंधारातून आवाज आला.

हा सहल नेणारा. चेहरा नीट दिसत नव्हता, फक्त उंची आणि हातातलं वल्हं. भाऊजींनी येतायेताच त्याचं ‘वल्हेकर’ असं बारसं करून टाकलं होतं. खरं आडनाव काहीही असो, आता घरात तेच चालणार होतं.

“दिवे बंद, मोबाइल पेटीत,” वल्हेकर सगळ्यांना म्हणाला. “आणि शेवटचं एक. पाण्यावर मी एकेकाला अरे-तुरे करणार. राग मानू नका. मागे एका न्यायाधीशांना मी आदराने सांगितलं, तुम्ही उजवीकडे वळा. साहेब वळले, आणि त्यांच्यामागोमाग सगळेच वळले. अख्खी वरात चिखलात, शेवटी साहेबांना ‘तू’ म्हणूनच बाहेर काढावं लागलं. अंधारात कोण कुणाला बोलतंय ते कळत नाही हो. म्हणून ‘तू’ म्हटलं की एकजण, आणि ‘तुम्ही’ म्हटलं की सगळे. मलाही तूच म्हणायचं.”

“आणि परत आल्यावर?” भाऊजींनी विचारलं. ते हुद्द्याचे गृहस्थ, त्यांना चिंता वाटणं साहजिक होतं.

“ते ज्याचं त्याने ठरवायचं. काहीजण तसंच चालू ठेवतात. न्यायाधीशांनी नाही ठेवलं.”

धाकटी पुढे बसली, तो मागे. कयाक धक्क्यापासून सुटली आणि डुगडुगली. तिने दोन्ही कडा घट्ट धरल्या, मग वल्हं हातात असल्याचं आठवून ते मारायला घेतलं.

“तू वल्हं मारतेस की पाणी ढवळतेस?” मागून आवाज आला.

“अहो, मी—”

“अहो नाही.”

“...अरे, मी पहिल्यांदाच बसलेय.”

तो ‘अरे’ तोंडातून निघाला आणि तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. परक्या पुरुषाला ओळख झाल्यापासून दहा मिनिटांत ‘अरे’ म्हणायची तिची ही पहिलीच वेळ. पण गंमत म्हणजे एकदा म्हटल्यावर पुढचं सोपं गेलं. अंधार होता, पाठीला पाठ नव्हती पण चेहऱ्याला चेहराही नव्हता, आणि नुसत्या आवाजाशी बोलताना माणूस बरंच काही बोलून जातो.

“काय करतेस तू?”

“कान तपासते.”

“कुणाचे?”

“जो येईल त्याचे. एका बंद खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचा, बारीक बारीक आवाज ऐकवायचे. मग मी पुठ्ठ्याआड तोंड लपवून एकेक शब्द म्हणते आणि त्यांनी तो परत म्हणायचा.”

“तोंड का लपवायचं?”

“ओठ बघून ओळखतात. लबाड असतात लोक.”

“म्हणजे तू तोंड लपवून बोलतेस, आणि मी तुझ्या पाठीमागून बोलतो. जमेल आपलं.”

तिने जोरात वल्हं मारलं. आणि तेव्हाच पहिल्यांदा तिच्या वल्ह्याखाली पाणी उजळलं. निळसर, थोडं हिरवट. क्षणभर पेटलं आणि विझलं. तिने पुन्हा मारलं, पुन्हा पेटलं. पुढे कुठेतरी ताई ‘अगंबाई’ म्हणाली. कयाकखालून मासे सळसळत गेले की त्यांच्या मागे उजेडाच्या रेघा उमटायच्या आणि पुसल्या जायच्या.

“हात घाल पाण्यात,” तो म्हणाला.

तिने घातला. बोटांभोवती उजेड गोळा झाला. “हे काय असतं?”

“जीव आहेत. डोळ्यांना न दिसणारे. हलवलं की उजळतात.”

“घाबरून?”

“पुस्तकात तसंच लिहिलंय. मला नाही पटत. घाबरल्यावर कुणी इतकं छान दिसत नाही.” मग थोडं थांबून तो म्हणाला, “तू मघाशी बसताना घाबरली होतीस, तेव्हा...”

“तेव्हा काय?”

“तेव्हा काही नाही. डावीकडे वळ.”

ती डावीकडे वळली. त्या दीड तासात ती बऱ्याचदा डावीकडे वळली, आणि नंतर आठवून बघितलं तर दर वेळी वळायची खरंच गरज होती की नाही, हे तिला सांगता येईना.

परत आल्यावर त्याने आधी उतरून तिला हात दिला. फळीवर पाय टेकले, तोच समोरून ताईने तिच्या तोंडावर बॅटरी मारली. धाकटीने हात सोडवला आणि विचारलं, “अहो, हे जॅकेट कुठे ठेवायचं?”

तो क्षणभर गप्प राहिला. “तिकडे खुंटीवर ठेवा,” मग म्हणाला. “जपून चाला, शेवाळ आहे.”

ठेवा. चाला. दिव्याखाली आता त्याचा चेहराही दिसत होता. चष्मा दोरीने मानेला बांधलेला, केस ओले, कपाळावर आठी. हा चेहरा त्या आवाजाचा आहे, असं तिला काही केल्या वाटेना. घरी जाताना ती मागच्या सीटवर गप्प बसली आणि ताईने दोनदा विचारलं, “लागलं का गं कुठे?”

लागलं होतं, पण कुठे ते तिलाही कळत नव्हतं.

पुढच्या शनिवारी ती एकटीच गेली. ताईला सांगितलं, ‘मागच्या वेळी नीट बघता आलं नाही.’ त्यानंतरचा शनिवार पौर्णिमेचा होता, खाडी बंद. तो आठवडा तिला उगाचच मोठा गेला. दवाखान्यात एका आजोबांना तिने ‘वाट’ शब्द ऐकवला, ते म्हणाले ‘लाट’, आणि तिने न सुधारता बरोबरची खूण केली. आजोबांच्या बायकोच्या ते लक्षात आलं. त्या म्हणाल्या, “बाई, ह्यांचे कान राहू देत, आधी तुमचं लक्ष तपासून घ्या.”

पाण्यावर तो तसाच होता. ‘तू गप्प का आज’, ‘तू त्या आजोबांचं सांग ना’, ‘तू हसलीस की कयाक हलते, जरा बेताने.’ आणि जमिनीवर यायची खोटी, की ‘जपून हं’, ‘जॅकेट द्या इकडे’, ‘या पुन्हा’. एक माणूस पाण्यावर ठेवून दुसराच धक्क्यावर उतरायचा जणू. ती पाण्यावरच्याशी मनातलं बोलायची आणि जमिनीवरच्याला ‘तुम्ही’ म्हणून घरी यायची. यातला खरा कोणता? ‘तू’ हा तर नियम होता. न्यायाधीशांनाही तो ‘तू’च म्हणाला होता. मग तिने त्यात काय म्हणून जीव गुंतवायचा? पण ‘तू हसलीस की कयाक हलते’ हे तो न्यायाधीशांना म्हणाला असता का?

तिसऱ्या वेळी घोळ आणखी वाढला. त्या दिवशी दुसरा एक एकटा पाहुणा आला, दाताचा डॉक्टर. नियमाने दोन एकटी माणसं एका कयाकमध्ये बसायला हवी होती. वल्हेकरने डोकं खाजवलं, मग तिकीट खिडकीवर बसणाऱ्या मावशीला हाक मारली. ही त्याची सख्खी मावशी, आणि पंधरा वर्षांत ती पाण्यावर उतरली नव्हती.

“मावशी, तू यांना घेऊन चल.”

“मी? आणि ही पोरगी का नाही बसत त्यांच्याबरोबर?”

“वजनाचा प्रश्न आहे,” तो म्हणाला.

मावशीने त्याच्याकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं, आणि पदर खोचून बडबडत कयाकमध्ये बसली. आता यातून माणसाने काय अर्थ काढावा? धाकटीने घरी जाऊन वजन केलं.

त्याच आठवड्यात दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावून घेतलं. नवी शाखा निघत होती, बसने नऊ तासांवरच्या शहरात. तपासणीची अख्खी खोली तिच्या ताब्यात, हाताखाली दोन माणसं. सहा वर्षं ती ज्याची वाट पाहत होती, ते ताटात वाढून समोर आलं होतं.

“सोमवारी दहापर्यंत सांग,” बाई म्हणाल्या. “तू नाही म्हणालीस तर मला दुसरं कुणी बघावं लागेल.”

एरवी तिने तिथेच उडी मारली असती. आता मात्र तिने एक वेडगळ पण केला. शनिवारी जमिनीवर त्याने एकदा, एकदाच, ‘तू’ म्हटलं, तर जायचं नाही. नाही म्हटलं, तर मुकाट्याने बॅग भरायची. शहाण्या माणसाने आपलं आयुष्य एका सर्वनामावर टांगू नये हे तिला कळत होतं. पण कळतं तसं वळतं कुठे?

शनिवारी खाडीच्या मध्यावर आल्यावर तिने त्याला नव्या शाखेचं सांगितलं.

मागचं वल्हं थांबलं. कयाक आपोआप थोडी पुढे सरकली आणि तिच्या भोवतीचा उजेड विझत गेला.

“चांगली जागा आहे?” त्याने विचारलं.

“खूप चांगली.”

“मग... चांगलंच आहे.”

“हो.”

“तुझ्या जागेवर आता कोण बसणार?”

“दाताचे डॉक्टर.”

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. परतीच्या वाटेवर त्याने तिला एकदाही डावीकडे वळायला सांगितलं नाही. अर्धा तास नुसता वल्ह्यांचा आवाज, आणि तिचं सगळं लक्ष पाठीमागे.

धक्क्यावर तिने जॅकेट काढून त्याच्या हातात दिलं. “घ्या.”

त्याने ते घेतलं, खुंटीवर लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, “आपण परत कधी येणार?”

आपण. ‘तुम्ही’ परवडलं, निदान त्यात ओळख तरी असते. आता तिची बढती होऊन ती ‘आपण’ झाली होती, म्हणजे थेट मंत्र्यांच्या आणि व्याह्यांच्या रांगेत.

“सांगता नाही येत,” ती म्हणाली. “येते मी.”

“या,” तो म्हणाला.

रविवारी सकाळी चहाच्या वेळी तिने हे ताईला सांगितलं, कारण रात्रभर झोप नव्हती आणि डोळे लपत नव्हते. ताईने कप खाली ठेवला.

“अगं खुळे, आपण म्हणजे तू आणि तो. आपण दोघं. कधी येणार आपण? असं विचारलं त्याने.”

“काहीतरीच,” भाऊजी वर्तमानपत्राआडून म्हणाले. “आमच्या ऑफिसात मोठ्या साहेबांना विचारतात, आपण चहा घेणार का? त्यातला आपण आहे हा. विचारणारा काय साहेबांच्या कपातून पिणार आहे?”

“आणि तुम्ही मला पहिल्या भेटीत विचारलं होतंत, आपण बसने जाऊ या का? तेव्हा मी काय तुमची साहेब होते?”

“तेव्हा नव्हतीस,” भाऊजी म्हणाले, आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

“तू नीट म्हणून दाखव,” ताई म्हणाली. “त्याने ‘आ’ लांबवला होता का?”

धाकटीने म्हणून दाखवलं. तीनदा. ताईला तिन्ही वेळा ‘आपण दोघं’ ऐकू आलं, भाऊजींना तिन्ही वेळा साहेब. सहा वर्षं लोकांना शब्द ऐकवून त्यांना किती कळलं याची खूण करत आलेली बाई ती, आणि लख्ख ऐकलेला एक शब्द घेऊन बसली होती. वाक्यही असं निवडलं होतं पठ्ठ्याने की क्रियापदावरूनही काही समजू नये. येणार. कोण येणार?

“इथे बसून काय कीस काढतेस?” ताई म्हणाली. “त्यालाच जाऊन विचार.”

खाडी तिने दिवसा कधी पाहिली नव्हती. पाणी साधं, मातकट हिरवं. धक्क्याच्या फळ्या झिजलेल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घातलेल्या. मावशी दोरीवर जॅकेटं वाळत घालत होती.

“आत्ता कशाला आलीस?” मावशी म्हणाली. “दिवसाउजेडी काही दिसत नाही इथे.”

“मला बघायचं नाहीये. विचारायचंय.”

“मग तो काय तिथे. विचार बाई. कालपासून एकच कयाक धुतोय.”

तो उपड्या कयाकजवळ उकिडवा बसला होता, हातात ब्रश. तिला पाहून उठला, चष्मा काढला, शर्टाला पुसला, आणि तो आणखी ओला झाला.

“काल तुम्ही म्हणालात, आपण परत कधी येणार,” धाकटी म्हणाली. वाटेत बसमध्ये तिने हे इतक्यांदा घोकलं होतं की आता थांबणं शक्य नव्हतं. “त्या ‘आपण’मध्ये किती माणसं होती? एक की दोन?”

त्याने ब्रश उपड्या कयाकवर ठेवला.

“दोन्ही,” तो म्हणाला.

“दोन्ही कसं असेल?”

“तुम्ही हसला असतात तर दोन. नाही हसलात, तर एक. परत येताना अर्धा तास शोधत होतो असा शब्द. म्हणजे... माघार घेता यावी.”

“म्हणजे लपायला जागा.”

“हो.” त्याने चष्मा घातला. “भित्रा आहे मी. पाण्यावर कळत नाही.”

हा तोच आवाज होता. पहिल्यांदाच तो तिला समोरून ऐकू येत होता, आणि आश्चर्य म्हणजे तो चेहऱ्याला व्यवस्थित बसत होता. तिला राग आला होता, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटत होतं की राग कुठे ठेवावा ते समजेना.

“आणि मग इतके दिवस जमिनीवर आलं की तुम्ही-तुम्ही का करत होतात?” ती म्हणाली. “पाण्यावर एक, इथे एक. मी दर वेळी घरी जाऊन डोकं फोडून घेत होते.”

“मी? सुरुवात तुम्ही केलीत.”

“मी?”

“पहिल्याच दिवशी. मी तुमचा हात धरून उतरवलं. मी म्हणणार होतो, तुझा हात किती गार पडलाय. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, अहो, हे जॅकेट कुठे ठेवायचं. म्हटलं, ठरवलं यांनी. न्यायाधीश झाल्या.” तो ओशाळं हसला. “नंतरही तेच. पाय टेकला की अहो. मी दर वेळी गप्प उभा राहायचो, की आज तरी नाही म्हणणार. आणि काल म्हणालात, ‘घ्या.’”

धाकटी आठवायला लागली. एकेक शनिवार, एकेक शब्द. तिचे कान खोटं बोलत नाहीत, आणि आता ते सांगत होते की हा म्हणतोय ते अक्षरन् अक्षर खरं आहे. दुनियेचं बारीकसारीक ऐकलं तिने, फक्त स्वतःचा आवाज तेवढा कधी तपासला नव्हता.

“ताईने बॅटरी मारली होती,” ती कशीबशी म्हणाली.

“चारही वेळा?”

“नाही. पहिल्याच वेळी.”

मावशीने तेच जॅकेट तिसऱ्यांदा झटकलं.

“उद्या दहाला उत्तर द्यायचंय मला,” धाकटी म्हणाली. “मी... हो म्हणणार आहे. मी जाणार आहे.”

हे ती त्याला सांगत होती, पण ऐकत मात्र पहिल्यांदा स्वतः होती. तो वेडगळ पण, ते सर्वनाम, सगळं बाजूला पडलं. तिला ती खोली हवी होती. त्याने काहीही म्हटलं असतं तरी हवी होती. आणि हाही हवा होता, यालाच तर सगळा घोळ म्हणायचा.

“जा,” तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. तू जा, की तुम्ही जा? पुन्हा तसाच शब्द. त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तो गडबडीने पुढे बोलायला लागला.

“पौर्णिमेच्या आगेमागे सहा दिवस इथे सुट्टी असते. चांदण्यात पाण्यातला उजेड दिसत नाही ना. ते सहा दिवस मी कयाक दुरुस्त करतो आणि मावशीची बोलणी खातो. दुसरं काही नसतं मला. नऊ तास म्हणालात ना बसने?”

“नऊ.”

“मग... मी येऊ का?”

एवढं विचारून तो थांबला. आता पाळी तिची होती. खाली पाणी नव्हतं, अंधार नव्हता, नियम नव्हता. लख्ख ऊन होतं, आणि मावशी दोरीआडून उघड उघड बघत होती. ‘या’ म्हणावं की ‘ये’? ‘या’ म्हटलं तर तो नक्की येईल, चष्मा पुसेल, खुर्चीच्या कडेवर बसेल, आणि दोघं पुढची दहा वर्षं एकमेकांना जपून चालायला सांगत राहतील. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

“ये,” ती म्हणाली.

“काय?”

“ऐकू आलंय तुला.”